पहिली कोलोनोस्कोपी आणि गुंगीची भीती: तपासणीच्या आधीचे दिवस कसे काढावेत?

डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी करायला सांगितली, तारीखही मिळाली आणि तेव्हापासून झोप लागत नाही. तुमची अवस्था अशी असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. तपासणी पहिलीच आहे, गुंगीचे औषध देणार आहेत, आणि ही गोष्ट चारचौघांत बोलण्यासारखी वाटत नाही. त्यामुळे भीती मनातल्या मनात वाढत जाते.

ही भीती मनातून काढून टाका, असे मी सांगणार नाही. पण भीतीपोटी तारीख पुढे ढकलू नका, असे मात्र आग्रहाने सांगेन. शौचातून रक्त जाते म्हणजे मूळव्याधच असणार, असे धरून मलम आणि चूर्णावर महिने काढणारे रुग्ण आम्हा फॅमिली डॉक्टरांना नेहमी भेटतात. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण कधी ते आतड्याची सूज, क्षयरोग, पॉलिप किंवा कर्करोग यांचेही लक्षण असते. बाहेरून पाहून यांतला फरक सांगता येत नाही, म्हणूनच ही तपासणी सांगितली जाते.

तपासणी सांगितली म्हणजे कॅन्सर आहे का?

नाही. शौचातून रक्त जाणे, कारण न कळणारा ॲनिमिया, वजन घटणे, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, बरेच दिवस चाललेले जुलाब, किंवा जवळच्या नात्यात आतड्याचा कर्करोग असणे, अशा अनेक कारणांसाठी ही तपासणी सांगतात.

अमेरिकेत कोणतीही तक्रार नसलेल्या लोकांनीही वयाच्या 45 व्या वर्षापासून आतड्याच्या कर्करोगाची चाचणी करून घ्यावी, अशी शिफारस 2021 पासून आहे. आपल्याकडे या कर्करोगासाठी तशी राष्ट्रीय पातळीवरची नियमित तपासणी नाही. त्यामुळे इथे कोलोनोस्कोपी बहुधा काहीतरी तक्रार असल्यावरच होते, आणि नाव ऐकताच मन थेट वाईट निदानाकडे धावते. प्रत्यक्षात अनेकांच्या तपासणीत मूळव्याध, साधी सूज किंवा काहीच न सापडणे, असाही निष्कर्ष निघतो.

ही तपासणी केवळ बघण्यासाठी नसते. दुर्बिणीतून पॉलिप काढणे 1969 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले, आणि आज ते रोजचे काम आहे. काही प्रकारच्या पॉलिपचे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकते, पण त्याला बहुधा कित्येक वर्षे लागतात. वेळेत सापडलेला पॉलिप त्याच तपासणीत काढता येतो आणि पुढचा आजार टळू शकतो.

आधी भीती नेमकी कशाची आहे ते ओळखा

'मला कोलोनोस्कोपीची भीती वाटते' असे रुग्ण म्हणतात, तेव्हा त्यात सहसा पाच वेगवेगळ्या भीती असतात. गुंगीची, दुखण्याची, लाजेची, आदल्या दिवशीच्या जुलाबांची आणि निकालाची. कागदावर ही पाच नावे लिहा आणि तुम्हाला सर्वात जास्त छळणाऱ्या भीतीवर खूण करा. प्रत्येकीचे उत्तर वेगळे आहे आणि ते वेगळ्या माणसाकडे आहे. नुसते 'घाबरू नका' म्हणून यातली एकही जात नाही.

1. गुंगीची भीती: 'मी उठेन ना?'

याचे उत्तर भूलतज्ज्ञाकडे किंवा गुंगी देणाऱ्या डॉक्टरांकडे आहे.

कोलोनोस्कोपीत सहसा मोठ्या ऑपरेशनसारखी पूर्ण भूल देत नाहीत. हाताच्या शिरेतून औषध देऊन झोप आणतात. तुमचा श्वास तुमचा तुम्ही घेत असता. मिडाझोलाम या औषधाने सुस्ती येते आणि त्या वेळचे बरेचसे आठवत नाही. त्याच्या जोडीला वेदना कमी करणारे फेंटानिल देतात. अनेक ठिकाणी भूलतज्ज्ञ प्रोपोफॉल देतात. त्याने झोप अधिक गाढ लागते, पण औषध थांबवल्यावर रुग्ण बहुधा काही मिनिटांतच डोळे उघडतो. तपासणीभर बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आणि गरजेनुसार नाकाशी ऑक्सिजनची नळी असते. गुंगीचा मुख्य धोका म्हणजे श्वास मंदावणे किंवा रक्तदाब उतरणे. तो लगेच लक्षात यावा आणि सावरता यावा, यासाठीच ही सगळी व्यवस्था असते.

तुमचे काम आहे खरी माहिती देण्याचे. पुढच्या गोष्टी न विचारता सांगा:

• पूर्वी भूल घेतल्यावर झालेला त्रास, औषधांची ॲलर्जी
• झोपेत मोठे घोरणे, श्वास अडकणे, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार
• हलणारे दात, कवळी
• गर्भधारणा असण्याची शक्यता
• दारू, तंबाखू, मिश्री आणि झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या

शेवटचा मुद्दा घरच्यांसमोर सांगायला अवघड वाटत असेल, तर 'मला दोन मिनिटे एकट्याने बोलायचे आहे' असे म्हणा. डॉक्टरांना ही विनंती नवीन नसते. भीती घालवण्यासाठी आदल्या रात्री पेग घेणे किंवा कुणाकडून मागून आणलेली झोपेची गोळी घेणे धोक्याचे आहे, कारण गुंगीच्या औषधाबरोबर तिचा परिणाम वाढू शकतो. मानसिक आजाराची नियमित गोळी चालू असेल तर ती मात्र स्वतःहून बंद करू नका.

'गुंगीत मी काहीबाही बोलेन' अशीही एक भीती असते. काही जण दोन-चार शब्द पुटपुटतात. तिथल्या लोकांचे लक्ष पडद्यावर आणि मॉनिटरवर असते.

2. दुखण्याची भीती

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांबीचे असते. त्यात जाणारी दुर्बीण बोटाएवढ्या जाडीची आणि लवचीक असते. आतडे फुगवून नीट दिसावे म्हणून हवा किंवा कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यामुळे आणि दुर्बीण वळणांवरून पुढे जाताना कळ येऊ शकते. गुंगी त्यासाठीच असते. तपासणीला सहसा 20 ते 40 मिनिटे लागतात. पॉलिप काढायचा असेल तर वेळ वाढतो.

हलकी गुंगी असेल तर मध्येच थोडी जाग येऊ शकते. आधीच विचारून ठेवा: 'मला दुखले तर मी काय करू?' हात वर करणे, 'थांबा' म्हणणे, असा एखादा इशारा ठरवता येतो. इशारा ठरला की निम्मी धास्ती कमी होते, हा नेहमीचा अनुभव आहे.

धोका अजिबात नाही, असे कुणी सांगू नये. आतड्याला छिद्र पडण्याचा प्रकार नुसत्या तपासणीत साधारण हजारात एक किंवा त्याहून कमी असतो. पॉलिप काढल्यास रक्तस्रावाचा आणि छिद्राचा धोका थोडा वाढतो. संमतीपत्रावर हेच लिहिलेले असते. सही करण्याआधी ते वाचा आणि न समजलेले विचारा.

3. लाजेची भीती

याबद्दल कुणी बोलत नाही, पण कित्येक तारखा याच कारणाने रद्द होतात. तपासणीच्या वेळी मागे उघडणारा गाऊन किंवा मागे छिद्र असलेली पॅन्ट देतात. तुम्हाला डाव्या कुशीवर झोपवतात आणि अंगावर चादर असते. आतडे आधीच रिकामे झालेले असते, त्यामुळे 'काही घाण होईल' ही चिंता नको. थोडे पाणी आले तर ते तिथल्यांना अपेक्षितच असते. तपासणीनंतर वायू सुटतो. तो सुटायलाच हवा, दाबून धरू नका, पोट दुखेल.

महिलांनी स्त्री डॉक्टर मिळू शकतील का, ते तारीख घेतानाच विचारावे. ते शक्य नसेल तर खोलीत स्त्री परिचारिका असेल याची खात्री करून घ्यावी. पाळी आली म्हणून तपासणी रद्द करावी लागत नाही. पूर्वी कुणी शरीरावर जबरदस्ती केल्याचा अनुभव असेल, तर ही तपासणी मनाला फार जड जाऊ शकते. कारण सविस्तर सांगण्याची सक्ती नाही. 'मला अशा तपासणीचा खूप त्रास होतो, सावकाश आणि सांगून करा' एवढे आधी सांगितले तरी पुरते.

4. पोट साफ करण्याची भीती

ज्यांची तपासणी झाली आहे त्यांना विचारा. 'तपासणी कळलीच नाही, आदला दिवसच अवघड होता' असे बरेच जण सांगतील. पण हाच भाग सर्वात जास्त तुमच्या हातात आहे. आतडे स्वच्छ नसेल तर लहान पॉलिप दिसत नाहीत आणि तपासणी पुन्हा करावी लागू शकते.

आधीचे दोन-तीन दिवस चोथा कमी असलेला आहार घ्या. भाकरी, पालेभाजी, मटकी, काकडी, वांगे, टोमॅटो, पेरू, डाळिंब, अंजीर, तीळ, शेंगदाणे हे सगळे बंद. चालेल ते असे: मऊ पांढरा भात, गाळलेले मुगाचे वरण, इडली, साल काढलेला बटाटा, अंडे.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. 'उपाशी राहा' म्हटले की आपल्याला उपवास आठवतो आणि घरात साबुदाण्याची खिचडी होते. खिचडीतले दाण्याचे कूट आतड्यात चिकटून राहते. तपासणीचा उपवास एकादशीसारखा नसतो. आदल्या दिवशी फक्त पारदर्शक पातळ पदार्थ सांगितले असतील, तर नारळपाणी, गाळलेले लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, गाळलेले सफरचंदाचे रस एवढेच घ्या. दूध, ताक आणि सोलकढी त्यात बसत नाहीत. कोकम सरबत आणि बीटही नको, कारण लाल रंग दुर्बिणीतून रक्तासारखा दिसू शकतो.

पोट साफ करण्याची पावडर बहुधा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची असते आणि ती साधारण 2 लिटर किंवा त्याहून जास्त पाण्यातून घ्यावी लागते. अर्धा भाग आदल्या संध्याकाळी आणि अर्धा तपासणीच्या दिवशी काही तास आधी, असा घेतल्यास आतडे जास्त चांगले साफ होते. पहाटे उठावे लागले तरी दुसरा भाग टाळू नका. द्रावण थंड करून, स्ट्रॉने, थोडे थोडे प्या. मळमळले तर अर्धा तास थांबा आणि मग पुन्हा सुरू करा. उलट्या थांबत नसतील तर रुग्णालयात फोन करा. शेवटी लघवीसारखे पिवळसर, स्वच्छ पाणी पडू लागले की तयारी झाली. मऊ कागद, व्हॅसलीन आणि त्या रात्रीपुरते संडास तुमच्यासाठी मोकळे ठेवणे, या साध्या गोष्टींनी बराच त्रास वाचतो. वयस्कर माणसाला रात्री एकटे उठू देऊ नका, चक्कर येऊन पडण्याची भीती असते.

किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर दुसऱ्याची पावडर किंवा दुकानातून आपल्या मनाने आणलेले औषध घेऊ नका. फॉस्फेट असलेली काही औषधे किडनीला अपाय करू शकतात.

चालू गोळ्यांबद्दल आठवडाभर आधीच विचारा:

• लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, कारण त्यांनी शौच काळी आणि चिकट होते.
• रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर ते जिवावर बेतू शकते. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि तपासणी करणारे डॉक्टर मिळून घेतात.
• मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचा डोस बदलावा लागतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या सहसा 3 दिवस आधी थांबवतात. सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन किंवा गोळी घेत असाल तर भूलतज्ज्ञांना नक्की सांगा.
• बीपी आणि थायरॉइडच्या गोळ्यांचे काय करायचे ते विचारून लिहून ठेवा.

पाणी किती वाजता बंद करायचे, ती वेळही लिहून घ्या आणि तंतोतंत पाळा. गुंगीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ नये, म्हणून ही वेळ ठरवलेली असते.

पुण्यातल्या पुण्यात जायचे, तरी बेत आखा

सकाळी दुसरा भाग पिऊन झाल्यावर हडपसरहून कर्वे रस्त्यापर्यंत कसे पोहोचणार, ही काळजी खरी आहे. औषध संपल्यावर जुलाबाचा जोर ओसरायला वेळ द्या. निघण्याची वेळ त्यावरून मागे मोजा आणि औषध किती वाजता सुरू करायचे ते रुग्णालयाला विचारा. पिशवीत एक जास्तीची पॅन्ट आणि टॉवेल ठेवा. मोठ्यांचे डायपर घालून निघण्यात कमीपणा नाही. बारामती, जुन्नर किंवा भोरहून यायचे असेल तर आदल्या रात्री शहरात नातेवाइकांकडे किंवा रुग्णालयाजवळ मुक्काम करणे सोयीचे. पालखीचा मुक्काम किंवा विसर्जन मिरवणुकीचा दिवस टाळून तारीख घ्या, त्या दिवसांत मध्य पुण्यातले रस्ते बंद असतात.

परत येताना दुचाकी नको, मागे बसूनही नको. गुंगीचा असर पूर्ण उतरायला वेळ लागतो. 24 तास गाडी चालवणे, दारू घेणे, महत्त्वाच्या कागदांवर सह्या करणे टाळा. सोबत एक जबाबदार माणूस हवाच. तो नसेल तर गुंगी देऊन तपासणी करायला बहुतेक ठिकाणी नकार देतात. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात तपासणी असो किंवा खासगीत, किती वाजता यायचे, कोणते कागद आणायचे आणि खर्च किती, हे आधी विचारून या. मेडिक्लेम असेल तर पूर्वपरवानगीची चौकशी तारखेच्या आधीच करा. पैशाची अनिश्चितताही भीतीत भर घालते.

5. निकालाची भीती, आणि घरच्यांसाठी थोडे

तुकडा तपासायला पाठवला म्हणजे कर्करोगच, असे नाही. सूज, क्षयरोग, कोलायटिस ओळखण्यासाठीही तुकडा घेतात, आणि कधी आतडे वरून निरोगी दिसत असतानाही घेतात. त्याचा अहवाल यायला काही दिवस लागतात. ते दिवस अवघड असतात, म्हणून अहवाल कधी आणि कुणाकडून मिळेल ते निघण्याआधी विचारा.

गुंगीतून उठल्यावर डॉक्टरांनी सांगितलेले तुम्ही विसरण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे सोबतच्या माणसाने ऐकून लिहून घ्यावे. यातूनच आपल्या घरांमधला एक जुना प्रश्न उभा राहतो. काही गंभीर निघाले तर मुलगा किंवा सून डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतात, 'आईला सांगू नका.' हेतू मायेचा असतो. पण घरातले चेहरे बदललेले आईला दिसतात, आणि न सांगितलेल्या गोष्टीची कल्पना ती स्वतःच करू लागते. म्हणून तपासणीच्या आधीच, मन त्यातल्या त्यात शांत असताना, रुग्णाला विचारा: 'जे काही निघेल ते डॉक्टरांनी तुला थेट सांगावे, की आधी आमच्याशी बोलावे?' जे उत्तर येईल ते डॉक्टरांना सांगा आणि पाळा.

घरच्यांनी 'एवढ्याशा तपासणीला काय घाबरतेस' असे म्हणू नये. 'तुला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते?' हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

मन सावरण्यासाठी

• इंटरनेटवरचे अनुभव वाचणे थांबवा. त्रास झालेला माणूस लिहितो, सुखरूप घरी गेलेला सहसा लिहीत नाही. प्रश्न वहीत लिहा आणि डॉक्टरांना विचारा.
• रोज ठरावीक वेळी 15 मिनिटे काळजीसाठी ठेवा. इतर वेळी काळजी आली की 'संध्याकाळी बघू' म्हणून ती वहीत टिपून ठेवा.
• 4 आकडे मोजत श्वास आत घ्या, 6 आकडे मोजत सावकाश सोडा. दिवसातून दोनदा 5 मिनिटे सराव करा. सराव असेल तर टेबलावरही ते जमते.
• आदल्या रात्री कमी झोप झाली तरी तपासणी बिघडत नाही. झोप यायलाच हवी, असा हट्ट धरू नका.
• तुम्हाला पॅनिक ॲटॅक येत असतील, छातीत धडधड होऊन जीव घाबरत असेल, तर आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना भेटा. गरज असल्यास ते औषध सुचवतील आणि भूलतज्ज्ञांना कळवतील.

ताप, खोकला किंवा कफ झाला असेल तर रुग्णालयाला कळवा. त्या वेळी तारीख पुढे नेणे योग्य असू शकते. केवळ भीतीमुळे तारीख बदलावीशी वाटली, तर रद्द करण्याआधी एकदा डॉक्टरांशी बोला. गुंगीचीच फार धास्ती असेल, तर हलकी गुंगी किंवा गुंगीशिवाय तपासणी असेही पर्याय काही रुग्णांसाठी असतात.

तपासणीनंतर कधी फोन करावा?

थोडे पोट फुगणे, वायू सुटणे आणि तुकडा घेतला असल्यास रक्ताचा एखादा डाग दिसणे हे चालण्यासारखे आहे. पण पोटात वाढत जाणारी तीव्र कळ, पोट कडक होणे, ताप, सतत उलट्या, पुन्हा पुन्हा रक्त किंवा गाठी पडणे, चक्कर किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. रुग्णालयाच्या तातडीच्या क्रमांकावर फोन करा किंवा 108 ला रुग्णवाहिका बोलवा. पॉलिप काढला असेल तर रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंतही होऊ शकतो. त्या काळात लांबचा प्रवास ठरला असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

आज एवढेच करा: चालू गोळ्यांची यादी काढा, सोबत कोण येणार ते पक्के करा, आणि त्या पाच भीतींपैकी खूण केलेल्या भीतीबद्दलचा एक प्रश्न लिहून उद्या रुग्णालयात फोन करून विचारा. वर दिलेली माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या रुग्णालयाने दिलेल्या कागदावरच्या सूचना वेगळ्या असतील, तर त्याच पाळा.